व्हिडिओ गेमच्या संग्रहाची सूची : एकाच खेळाची चार नावं असतील तर नोंद कुठल्या नावानं करायची?

तपकीरगल्ली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आम्ही काही मित्रांनी आपापल्याकडच्या जुन्या गेमची एक सामाईक सूची करायला घेतली आहे. टीव्ही गेमच्या कॅसेटी, पीसीच्या सीड्या, प्लेस्टेशन वन आणि टूच्या डिस्क, थोडे गेमबॉयचे खेळ. वस्तू ज्याच्या त्याच्या घरी राहणार, यादी मात्र एकच. कुणाकडं काय आहे, काय दुबार आहे, कशाची डबी हरवली आहे हे एका जागी दिसावं. पुढंमागं हा संग्रह एखाद्या ग्रंथालयाला किंवा संग्रहालयाला द्यायचं ठरलं तर यादी हातात तयार असावी, हाही हेतू आहे.

सगळ्यांच्या याद्या एकत्र केल्या आणि नावांपाशी गाडी अडली. एकानं 'जीटीए व्हीसी' लिहिलंय, दुसऱ्यानं 'वाईस सिटी', तिसऱ्यानं 'ग्रँड थेफ्ट ऑटो - व्हाइस सिटी पीसी'. तिन्ही एकच. उलट 'प्रिन्स ऑफ पर्शिया' एवढंच नाव तिघांनी लिहिलंय आणि तिघांकडं तीन वेगळे खेळ आहेत: एक १९८९ चा मूळ, एक २००३ चा 'द सँड्स ऑफ टाइम' आणि एक २००८ चा, ज्याच्या डबीवर खरोखरच नुसतं 'प्रिन्स ऑफ पर्शिया' छापलंय.

म्हणून काही नियम ठरवायचे आहेत. माझा कच्चा मसुदा असा:

१. पूर्ण नाव लिहायचं, लघुरूप नाही.
२. नावाच्या सुरुवातीचं 'द' शेवटी न्यायचं, म्हणजे 'लेजंड ऑफ झेल्डा, द'.
३. रोमन आकड्यांचे साधे आकडे करायचे.
४. उपशीर्षक अपूर्णविरामानंतर.
५. देशोदेशी नाव वेगळं असेल तर अमेरिकी नाव हेच प्रमाण मानून बाकीची काढून टाकायची.

पाचव्या नियमावर आमच्यातच एकमत नाही. इथं ग्रंथालयातले, संगणकातले आणि जुने खेळाडू असे सगळेच आहेत, म्हणून विचारतो.

सीताबर्डीकर

पाचवा नियम मुळीच नको. आपल्याकडच्या टीव्ही गेमच्या कॅसेटी उघडून बघा, कडेला ६० पिना असतात. ती निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राची बांधणी. त्याच यंत्राचं अमेरिकी रूप म्हणजे एनईएस, त्याच्या कॅसेटला ७२ पिना. आपण लहानपणी जे खेळलो ते फॅमिकॉमच्या नकला होत्या, मग त्यांना अमेरिकी नाव कुठल्या हिशेबानं द्यायचं? सविस्तर रात्री लिहितो.

मंजिरी_ग्रंथालय

छान विषय काढलात. मी ग्रंथालयात तालिकीकरणाचं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचं, काम करते, त्यामुळं थोडं लांबणार आहे.

तुम्ही एका रकान्याला दोन कामं सांगताय, आणि सगळा गुंता तिथून सुरू होतोय. पहिलं काम: माझ्या हातातल्या वस्तूवर काय छापलंय ते सांगणं. दुसरं काम: हा कुठला खेळ, म्हणजे याची भावंडं यादीत एकत्र कुठं सापडतील, ते सांगणं. पुस्तकांच्या बाबतीत ही दोन कामं ग्रंथालयांनी फार पूर्वी वेगळी केली. मार्क या नोंदपद्धतीत २४५ हे फील्ड वस्तूवरच्या शीर्षकाचं, ते जसं छापलंय तसं उतरवायचं. २४६ मध्ये पर्यायी रूपं. आणि १३० मध्ये प्रमाण शीर्षक, ज्याच्याखाली सगळ्या आवृत्त्या गोळा होतात. एक दुसऱ्याची जागा घेत नाही.

'द' शेवटी न्यायचीही गरज नाही. २४५ ला दोन दर्शकांक असतात. त्यातला दुसरा सांगतो की क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं वगळायची. इंग्रजी 'द' ची तीन अक्षरं आणि एक मोकळी जागा, म्हणून तिथं ४ लिहितात. नाव जसंच्या तसं राहतं आणि यादीत मात्र ते 'लेजंड' च्या जागी जाऊन बसतं.

आणखी एक सवय लावून घ्या. नाव कुठून घेतलं ते दरवेळी लिहा: डबीवरून, डिस्कवरून की खेळ सुरू केल्यावर पडद्यावर दिसतं त्यावरून. ही तीन नावं पुष्कळदा जुळत नाहीत. डबी हरवलेली सीडी असेल तर 'नाव डिस्कवरून' एवढी टीप पुढच्या माणसाचा अर्धा दिवस वाचवते. व्हिडिओ गेमच्या तालिकीकरणासाठी ऑनलाइन ऑडिओव्हिज्युअल कॅटलॉगर्स या अमेरिकेतल्या तालिकाकारांच्या संस्थेनं एक मार्गदर्शिका काढली आहे, ती जरूर वाचा. तुमच्या यादीला तिच्यातला दहावा हिस्साही लागणार नाही, पण विचार करायची पद्धत कळेल.

थोडक्यात, पाचव्या नियमातलं 'काढून टाकायची' हे मला अजिबात मान्य नाही. छापलेलं नाव हा पुरावा आहे. तो खोडायचा अधिकार सूची करणाऱ्याला नसतो.

कोडकरी

मंजिरीताईंना अनुमोदन. 'द' शेवटी नेण्याची पद्धत नो-इंट्रो या चाहत्यांच्या गटाच्या यादीतून आली आहे. कॅसेटवरच्या खेळांची नावं तिथं फाइलच्या नावासारखी लिहितात: 'लेजंड ऑफ झेल्डा, द' आणि पुढं कंसात प्रदेश. फाइलला नाव एकच असतं, म्हणून त्यांना ती तडजोड करावी लागते. तुमच्या शीटमध्ये हवे तेवढे रकाने आहेत, तुम्हाला गरज नाही.

आकड्यांबद्दल. रोमन आकडे नुसते अक्षरक्रमानं लावले तर 'फायनल फँटसी' चा नववा भाग चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये जाऊन बसतो. साधे आकडे केले तर दहावा भाग दुसऱ्याच्या आधी येतो. म्हणजे दोन्हीकडून पंचाईत. उपाय असा की नावाला हात लावू नका, क्रमासाठी एक वेगळा रकाना करा आणि त्यात आकडे ०१, ०२, १० असे दोन घरांत लिहा.

फिफा या फुटबॉलच्या मालिकेची तर आणखी तऱ्हा. नावातलं वर्ष ९५ ते ९९ दोन अंकी, मग २००० पासून २००५ पर्यंत चार अंकी, मग ०६, ०७ पुन्हा दोन अंकी. शीटला सांगितलं 'क्रम लाव' तर ०६ सगळ्यात वर, ९९ सगळ्यात खाली. शेवटची 'फिफा २३', त्यापुढची मालिका २०२३ पासून 'ईए स्पोर्ट्स एफसी' या नावानं निघते आणि 'ई' मध्ये जाऊन पडते. यासाठी मालिकेचा वेगळा रकाना हवाच.

नावातला आकडा आणि प्रकाशनाचं वर्ष एक समजू नका, हेही सांगून ठेवतो. ईए या कंपनीची 'क्रिकेट ०७' बाजारात आली २००६ मध्ये.

मडगावकर

वर्षाच्या मुद्द्याला माझे दोन पैसे. नाव शंभर टक्के तेच आणि खेळ निराळा, अशा जोड्या वाढत चालल्या आहेत. 'डूम' १९९३ आणि २०१६. 'टूम रेडर' १९९६ आणि २०१३. 'गॉड ऑफ वॉर' २००५ आणि २०१८. 'स्टार वॉर्स: बॅटलफ्रंट टू' २००५ आणि २०१७. 'मॉडर्न वॉरफेअर' चा दुसरा भाग २००९ मध्ये साध्या २ नं लिहिला आणि २०२२ मध्ये रोमन आकड्यानं. तपकीरगल्लींचा तिसरा नियम लावला तर हे शेवटचे दोन खेळ यादीत एकच होऊन जातील! म्हणून प्रमाण नावामागं कंसात पहिल्या प्रकाशनाचं वर्ष सक्तीचं करा.

आणि मला सगळ्यात जवळची अडचण 'रोड रॅश' ची. आपल्याकडं 'रोड रॅश' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पीसीवरचा येतो, साखळीनं हाणामारी करत जायचं तो. पीसीवर तो १९९६ मध्ये आला, आणि तो १९९४ च्या थ्रीडीओ यंत्रावरच्या खेळावरून केलेला. सेगाच्या यंत्रावरचा मूळ 'रोड रॅश' १९९१ चा. नाव तेच, कल्पना तीच, पण रस्ते, चित्रं, संगीत सगळं वेगळं. याला एक खेळ धरायचा की दोन?

मंजिरी_ग्रंथालय

@मडगावकर, मी दोन धरीन. फक्त यंत्र बदललं आणि खेळ तोच राहिला तर एक प्रमाण नाव, खाली दोन वस्तू. खेळ नव्यानं बांधला असेल तर वेगळं प्रमाण नाव, वर्षासकट. सीमारेषेवरची प्रकरणं येतातच, तिथं निर्णय घ्यायचा आणि का घेतला ते टिपेत लिहायचं.

ऱ्हाइनकाठी

मी जर्मनीत राहतो. इथल्या जुन्या बाजारात रविवारी हिंडायची सवय आहे, त्यामुळं पाचव्या नियमाला माझ्याकडून एक भक्कम उदाहरण.

'काँट्रा' सगळ्यांना माहीत आहे. कोनामीचा, १९८७ मध्ये आधी आर्केडवर, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर, आला. आर्केडवर युरोपात त्याचं नाव 'ग्रायझर'. १९९० मध्ये तो एनईएसवर युरोपात आला तेव्हा नाव 'प्रोबोटेक्टर', आणि आपले उघडे दंड दाखवणारे दोन गडी जाऊन तिथं दोन यंत्रमानव आले. शत्रूंमधली माणसंही यंत्रमानव झाली. जर्मनीत लहान मुलांच्या हाती हिंसक खेळ जाऊ नयेत म्हणून कडक नियम होते, त्यापायी हा बदल केल्याचं इथले संग्राहक सांगतात.

आता पुढं बघा. अमेरिकेत 'काँट्रा थ्री: द एलियन वॉर्स', जपानात 'काँट्रा स्पिरिट्स', युरोपात 'सुपर प्रोबोटेक्टर: एलियन रेबेल्स'. तिन्ही एकच. १९९४ मध्ये सेगावर 'काँट्रा: हार्ड कोअर' आला, तो युरोपात पुन्हा नुसता 'प्रोबोटेक्टर'. म्हणजे युरोपी यादीत 'प्रोबोटेक्टर' या नावाच्या दोन वस्तू, दोन वेगवेगळ्या यंत्रांवर, दोन वेगळे खेळ, आणि अमेरिकी यादीत त्यांची नावं भिन्न.

माझ्या कपाटातल्या 'प्रोबोटेक्टर' वर तुम्ही 'काँट्रा' असं लिहिलंत तर यंत्रमानवांची आवृत्ती आहे हेच यादीतून पुसलं जाईल. ती आवृत्ती इथल्या एका अख्ख्या पिढीचं बालपण आहे. त्यांना 'काँट्रा' म्हटलेलं कळतही नाही.

अशी आणखी पुष्कळ आहेत. 'स्टार फॉक्स' इथं 'स्टारविंग', 'स्टार फॉक्स ६४' इथं 'लायलॅट वॉर्स'. 'निंजा टर्टल्स' इथं 'हीरो टर्टल्स'. जपानी 'बायोहझार्ड' म्हणजे बाकी जगाचा 'रेसिडेंट ईव्हिल', 'रॉकमॅन' म्हणजे 'मेगा मॅन'.

कोडकरी

अमेरिकी नाव प्रमाण धरण्याला आणखी एक हरकत. 'फायनल फँटसी' चा चौथा भाग अमेरिकेत १९९१ मध्ये दुसरा म्हणून विकला, कारण मधले दोन तिकडं आलेच नव्हते. सहावा भाग १९९४ मध्ये तिसरा म्हणून. खरा तिसरा भाग जपानबाहेर पहिल्यांदा २००६ मध्ये निन्टेंडो डीएसवर आला. एखाद्याच्या यादीत नुसतं 'फायनल फँटसी ३' असेल तर तो सहावा असू शकतो.

मारिओचंही तसंच. जपानातला 'सुपर मारिओ ब्रदर्स २' १९८६ चा, फार अवघड. अमेरिकेतला 'सुपर मारिओ ब्रदर्स २' १९८८ चा, तो 'डोकी डोकी पॅनिक' नावाच्या दुसऱ्याच जपानी खेळात मारिओची पात्रं घालून केलेला. जपानचा मूळ दुसरा भाग पुढं १९९३ मध्ये 'द लॉस्ट लेव्हल्स' या नावानं बाहेर आला आणि अमेरिकी दुसरा भाग जपानात 'सुपर मारिओ यूएसए' म्हणून गेला. इथं कुठल्याही एका देशाला मान दिला तरी दुसऱ्याचं नाव चुकीच्या खेळावर बसतं. प्रमाण नाव हे फक्त गोळा करण्यासाठीचं लेबल आहे, ते जपानी मूळ नावावरून घ्या की जगभर रुळलेल्यावरून, एकदा ठरवा आणि पाळा.

सीताबर्डीकर

रात्री लिहितो म्हटलं होतं, ते आता.

वरची सगळी उदाहरणं ज्या खेळांवर कंपनीनं नाव छापलं त्यांची आहेत. आपल्या संग्रहातला मोठा हिस्सा तसा नाहीच. माझ्यासमोर आत्ता एक कॅसेट आहे. पिवळं प्लॅस्टिक, वर चकचकीत कागद, त्यावर '९९९९९९९ इन वन', एका कोपऱ्यात मारिओ, दुसऱ्या कोपऱ्यात कॅसेटमध्ये नसलेल्याच कुठल्यातरी खेळाचं चित्र. आत मेन्यू. पानं उलटत गेलं की कळतं, खेळ थोडेच आहेत आणि तेच फिरून फिरून येतात. फरक एवढाच की कुठं तिसऱ्या स्टेजपासून सुरुवात, कुठं जास्त लाइफ.

मेन्यूतली नावं बघा. 'आयलंडर' म्हणजे हडसनचा 'ॲडव्हेंचर आयलंड'. 'टँक १९९०' म्हणजे नामकोच्या १९८५ च्या 'बॅटल सिटी' ची कुणीतरी बदललेली आवृत्ती, नवे नकाशे घालून. 'बॅटल सिटी' हे नाव आमच्या गल्लीत कुणाच्याही तोंडी नव्हतं, सगळे 'टँक' म्हणायचे. 'मारिओ १४' नावाची कॅसेट मिळायची, ती मारिओची नाहीच. 'काइकेत्सु यांचामारू ३' हा वेगळाच जपानी खेळ, त्यातल्या नायकाच्या जागी मारिओ घालून केलेला.

याला तुमचे नियम लावले तर काय होईल? पूर्ण नाव, अधिकृत नाव, प्रमाण नाव असं करत करत 'मारिओ १४' ची नोंद 'यांचामारू' च्या खाली जाईल आणि 'टँक १९९०' ची 'बॅटल सिटी' च्या. पुस्तकी दृष्टीनं बरोबर, पण माझा आक्षेप आहे. ही नावं बनावट असतील, पण भारतातली लाखो मुलं ज्या खेळांवर वाढली त्यांची ती खरी नावं आहेत. अमेरिकी आणि जपानी नावं सांभाळायला तिकडं संस्था आहेत, मोठमोठे डेटाबेस आहेत. 'आयलंडर' आणि 'टँक' कोण सांभाळणार? आपणच ना? या यादीचं खरं काम मला तिथं दिसतं.

म्हणून माझी मागणी: 'बोलीतलं नाव' असा एक रकाना. कुणाच्या गावात काय म्हणायचे ते तिथं. आणि बहुखेळी कॅसेटची नोंद करताना मेन्यूचं प्रत्येक पान जसंच्या तसं उतरवायचं, चुकीच्या स्पेलिंगसकट.

वसईची_सई

सीताबर्डीकर, मनापासून +१. आमच्याकडं 'ॲडव्हेंचर आयलंड' ला 'कुऱ्हाडवाला' म्हणायचे.

मडगावकर

+१. पण 'ॲडव्हेंचर आयलंड' च्या नोंदीत एक टीप हवी: तो सेगाच्या १९८६ च्या 'वंडर बॉय' वरून केलेला आहे, नायक बदलून. खेळ जवळजवळ तोच, पण दोन कंपन्या, दोन नावं, आणि पुढं दोन वेगळ्या मालिका झाल्या. इथं एकत्र करू नका, 'हेही पाहा' करा.

लॅमिंग्टन_रोड

क्रिकेटबद्दल कुणीच सविस्तर लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. नावांचा सगळ्यात मोठा घोळ आपल्याच आवडत्या खेळात आहे.

कोडमास्टर्सची 'ब्रायन लारा इंटरनॅशनल क्रिकेट २००७'. तीच ऑस्ट्रेलियात 'रिकी पाँटिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७' आणि भारतात 'युवराज सिंग इंटरनॅशनल क्रिकेट २००७'. कव्हरवर त्या त्या देशाचा खेळाडू. त्याआधीची २००५ ची आवृत्तीही ऑस्ट्रेलियात पाँटिंगच्या नावानं. १९९० च्या दशकातल्या लाराच्या क्रिकेटच्या जागी तिकडं शेन वॉर्न होता. त्याहूनही आधी ऑडिओजेनिकच्या 'ग्रॅहम गूच वर्ल्ड क्लास क्रिकेट' ची ऑस्ट्रेलियात 'ॲलन बॉर्डर' झाली होती.

आता सांगा, अमेरिकी नाव हा नियम इथं कसा लावणार? आणि लाराचं नाव प्रमाण धरून युवराजचं काढून टाकलं तर भारतासाठी म्हणून स्वतंत्र कव्हर निघालं होतं ही गोष्टच यादीतून जाईल. ज्याच्याकडं ती युवराजची डबी असेल त्यानं ती जपून ठेवावी, आणि नोंदीत 'युवराज सिंग' हेच पहिलं नाव असावं असं माझं ठाम मत आहे.

दुसरा घोळ याहून अवघड. 'ईए क्रिकेट २०११', 'ईए क्रिकेट २०१५' अशा सीड्या आणि फाइली कित्येकांकडं आहेत. पीसीसाठी ईएनं ०७ नंतर क्रिकेट काढलंच नाही. त्या सगळ्या '०७' वर चाहत्यांनी नवे संघ, नवे गणवेश, नवी मैदानं चढवून केलेल्या. नोंद ईएच्या नावावर गेली तर कुणीतरी पुढं जाऊन लिहील की ईएनं २०१५ मध्ये क्रिकेट काढलं होतं. मूळ खेळ 'क्रिकेट ०७', प्रकार 'चाहत्यांची आवृत्ती', डिस्कवरचं नाव जे असेल ते, असं तीन ठिकाणी वाटून लिहा.

नियमानं_चला

मला एक मूलभूत शंका आहे. नक्कल केलेल्या कॅसेटी आणि मार्करनं नाव लिहिलेल्या सीड्या सूचीत घ्यायच्याच कशाला? ते बेकायदा होतं. अधिकृत वस्तूंचीच यादी करा, नावांचे निम्मे प्रश्न आपोआप मिटतील.

लॅमिंग्टन_रोड

@नियमानं_चला, तुमची शंका रास्त आहे, पण मग यादीत उरणार काय? १९९० च्या दशकात आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात आलेले बहुतेक खेळ याच वाटेनं आले. सूचीत नोंद करणं म्हणजे विकणं किंवा वाटणं नव्हे. फक्त नोंदीत अस्सल आणि नक्कल हे स्पष्ट कळायला हवं. छापील डिस्क असेल तर चकतीच्या आतल्या कड्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक दिसतो, तो भिंगातून वाचून लिहा. घरी जाळलेल्या सीडीची खालची बाजू पुष्कळदा निळसर-हिरवट असते, तशी असेल तर ती लगेच ओळखू येते. प्लेस्टेशनच्या डिस्कवर छापलेला कोडही लिहा: एसएलयूएस म्हणजे अमेरिकी, एसएलईएस म्हणजे युरोपी, एसएलपीएस किंवा एसएलपीएम म्हणजे जपानी. नाव कितीही बदललं तरी हा कोड गोंधळ होऊ देत नाही.

मंजिरी_ग्रंथालय

लॅमिंग्टन_रोड यांच्याशी सहमत. ग्रंथालयातही नकली आवृत्त्यांची नोंद होते, नकली म्हणूनच होते.

सीताबर्डीकरांचा रकाना मला फार आवडला. त्यात नावाबरोबर गाव आणि अंदाजे काळही घ्या. 'कुऱ्हाडवाला, वसई, १९९० चं दशक' एवढं लिहिलं तर ती नोंद पुढं कुणाच्या तरी अभ्यासाला लागेल.

कोडकरी

लिपीबद्दल अजून कुणी बोललं नाही. माझं मत: छापलेलं नाव आणि प्रमाण नाव दोन्ही रोमन लिपीत ठेवा. देवनागरीत घेतलंत की एका 'काँट्रा' ची काँट्रा, कॉन्ट्रा, कोन्ट्रा, कॉंट्रा अशी चार रूपं होतात, आणि सगळी आपापल्या जागी चालणारी.

सीताबर्डीकर

आणि ज्याला रोमनमध्ये शोधायचं नाही त्यानं काय करायचं? ही यादी मराठी माणसांनी केली आहे, मराठीत शोधली की सापडायला हवी. नागपुरातले माझे काका आजही दुकानाच्या पाटीवरची इंग्रजी अक्षरं अडखळत वाचतात, पण 'टँक' कुठं आहे हे त्यांना शोधायचं असतं.

कोडकरी

@सीताबर्डीकर, पटलं. मग देवनागरी रकाना ठेवा, पण एक तांत्रिक खबरदारी आत्ताच घ्या, नंतर फार त्रास होतो. 'अॅसॅसिन्स क्रीड' आणि 'ॲसॅसिन्स क्रीड' डोळ्यांना सारखीच दिसतात. पहिल्यात 'अ' आणि वरचा चंद्र ही दोन चिन्हं जोडली आहेत, दुसऱ्यात 'ॲ' हे एकच अक्षर आहे, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाणपद्धतीत, २००८ साली ५.१ या आवृत्तीत आलं. संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. युनिकोडचं स्वतःचं नॉर्मलायझेशनही (सारखी रूपं एक करायची पद्धत) ही दोन रूपं एक करत नाही. कुणी जुन्या कीबोर्डवरून लिहिलं आणि कुणी मोबाइलवरून, की अर्ध्या नोंदी शोधात येत नाहीत. शीटमध्ये साधं बदलीचं सूत्र लावून सगळीकडं 'ॲ' करून घ्या. तसंच नावात लपून बसलेले न दिसणारे जोडाक्षर-नियंत्रक काढून टाका. हे फक्त शोधाच्या रकान्यात करायचं, माणसानं टंकलेल्या मूळ नोंदीला हात लावायचा नाही.

तपकीरगल्ली

सगळ्यांचे आभार. मित्रांशी बोललो. दुसरा, तिसरा आणि पाचवा नियम मागं घेतोय. आता शीट अशी बांधली आहे आणि पहिली नोंद करून पाहिली. ऱ्हाइनकाठींनी व्यक्तिगत निरोपात पाठवलेल्या फोटोवरून:

संग्रह क्रमांक: आमचा स्वतःचा, कधीही न बदलणारा
छापलेलं नाव: प्रोबोटेक्टर
नाव कुठून: कॅसेटच्या लेबलवरून, डबी नाही
प्रमाण नाव: काँट्रा (१९८७)
मालिका आणि क्रम: काँट्रा ०१
यंत्र आणि प्रदेश: एनईएस, युरोप
या वस्तूचं वर्ष: १९९०
अस्सल / नक्कल / चाहत्यांची आवृत्ती: अस्सल
बोलीतलं नाव, गाव, काळ: (रिकामं)
टीप: माणसांऐवजी यंत्रमानव

प्रमाण नावासाठी 'जगभर जे जास्त रुळलं ते' असं धरलंय, वाद झाला तर जपानी मूळ नावाकडं जायचं. क्रिकेटमध्ये प्रमाण नाव लाराचं, पण पडद्यावर यादी दाखवताना छापलेलं नाव आधी दिसेल, म्हणजे लॅमिंग्टन_रोड यांचा युवराज वरच राहील. रिकामा रकाना चालेल, अंदाजानं भरलेला चालणार नाही, हेही मित्रांना सांगून ठेवलंय.

'प्रोजेक्ट आयजीआय' या गेमचा प्रश्न इथं मांडायचा राहिलाच होता. पहिल्याच्या नावात 'प्रोजेक्ट' आहे, २००३ च्या दुसऱ्या भागात ते नाही, म्हणून दोन्ही एकमेकांपासून लांब पडत होते. मालिकेच्या रकान्यानं तेही जवळ आणले.

मंजिरी_ग्रंथालय

उत्तम. 'प्रमाण नाव कुणी ठरवलं आणि केव्हा' एवढा एक छोटा रकाना वाढवा. आणखी काही वर्षांनी कुणी नवा सूचीकार आला की त्याला तो लागतो.

ऱ्हाइनकाठी

सेगाच्या 'प्रोबोटेक्टर' चाही फोटो पाठवतो. दोन्ही शेजारी ठेवून काढतो, म्हणजे फरक दिसेल.

सीताबर्डीकर

मी त्या पिवळ्या कॅसेटच्या मेन्यूचे फोटो काढायला बसलोय. एक अडचण आली. 'टँक' पहिल्या पानावर एका नावानं आहे, पुढं एका पानावर त्याच खेळाचं नाव अक्षरं उलटसुलट होऊन आलंय, आणि तो सुरू केला की नकाशा वेगळाच लागतो. एकच ओळ लिहू की दोन?

तपकीरगल्ली

दोन्ही लिही रे, मेन्यूतल्या क्रमांकासकट. आणि सुरू केल्यावर पहिला नकाशा दिसतो त्याचाही फोटो काढ.